ट्रेसर वायू सोडून वायुवीजन कसे मोजावे : पहिल्यांदा मोजणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

एखाद्या खोलीत बाहेरची ताजी हवा तासाला किती येते, हा प्रश्न दिसायला साधा आहे. पण त्याचे उत्तर डोळ्यांना दिसत नाही आणि बहुतेक उपकरणांनाही सरळ देता येत नाही. खिडकीत वेगमापक धरला तर त्या एका बिंदूवरचा वेग कळतो. मात्र त्याच खिडकीच्या वरच्या भागातून हवा बाहेर जात असेल आणि खालच्या भागातून आत येत असेल, तर त्या आकड्यावरून काहीच ठरवता येत नाही. दारात पंखा बसवून ५० पास्कल दाबाच्या फरकावर केली जाणारी ब्लोअर डोअर चाचणी इमारतीला एकूण किती फटी आहेत हे चांगले सांगते. परंतु आजच्या वाऱ्यात, आजच्या तापमानात, दारे-खिडक्या आहेत तशा असताना प्रत्यक्ष किती हवा बदलते, हे तिच्यावरून थेट कळत नाही. ते जाणून घ्यायचे असेल तर हवेत सहज ओळखू येईल असा एखादा वायू मिसळावा लागतो आणि त्याचे प्रमाण कसे बदलते हे पाहावे लागते. अशा वायूला ट्रेसर वायू म्हणतात.

ही कल्पना जुनी आहे. म्यूनिकचे आरोग्यशास्त्रज्ञ माक्स फोन पेटनकोफर यांनी १८५८ साली खोल्यांमधील कार्बन डायऑक्साइड मोजून हवा किती पालटते याचा हिशेब मांडला होता. चांगल्या हवेची खूण म्हणून त्यांनी सुचवलेली ०.१ टक्का, म्हणजेच १००० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत १००० भाग), ही मर्यादा आजही अनेक ठिकाणी जशीच्या तशी वापरली जाते.

हिशेबाचे मूळ तत्त्व जमाखर्चाचे आहे. खोलीतील ट्रेसर वायूचा साठा जितका बदलतो, तितका तो सोडलेल्या आणि बाहेरून आलेल्या वायूतून बाहेर गेलेला वायू वजा केल्यावर उरतो. या जमाखर्चात एक गृहीतक दडलेले आहे, ते म्हणजे वायू संपूर्ण खोलीत सारखा मिसळलेला आहे. गणित शाळेतल्या लॉगच्या पलीकडे जात नाही, पण हे गृहीतक प्रत्यक्षात उतरवणे अवघड असते आणि बहुतेक मोजण्या तिथेच फसतात.

पायरी १ : नेमके काय मोजायचे ते ठरवणे

वायू विकत घेण्याआधी प्रश्न कागदावर लिहावा. खोलीची हवा तासाला किती वेळा बदलते हे हवे आहे, की तासाला किती घनमीटर बाहेरची हवा येते हे हवे आहे? पहिल्या आकड्याला हवाबदलाचा दर म्हणतात आणि त्यासाठी खोलीचे आकारमान लागत नाही. दुसऱ्यासाठी ते लागते. माणशी किती हवा मिळते हे हवे असेल तर माणसांची संख्याही ठरवावी लागते. जागतिक आरोग्य संघटनेने कार्यालये, शाळा यांसारख्या ठिकाणांसाठी माणशी दर सेकंदाला १० लिटर ही किमान पातळी सुचवली आहे, त्यामुळे तुलना बहुधा याच एककात करावी लागते.

आणखी एक गोष्ट आधीच समजून घ्यावी. कार्बन डायऑक्साइडसारख्या वायूला फिल्टर अडवत नाही. म्हणून खोलीतील हवा गाळून तीच पुन्हा सोडणाऱ्या यंत्रामुळे, किंवा फक्त आतलीच हवा थंड करणाऱ्या एसीमुळे, ट्रेसरचा आकडा सुधारत नाही. अशा खोलीत गार झुळूक कितीही छान लागत असली तरी मोजणी तिला शून्यच गुण देते, आणि ते योग्यच आहे.

पायरी २ : वायूची निवड

चांगला ट्रेसर वायू विषारी किंवा ज्वलनशील नसावा, भिंती, पडदे व फर्निचर यांत शोषला जाऊ नये, हवेत त्याची रासायनिक क्रिया होऊ नये, बाहेरच्या हवेत तो शक्यतो नसावा आणि थोड्या प्रमाणातही मोजता यावा. या सगळ्या अटी एकटा कोणताही वायू पुरवत नाही. सल्फर हेक्साफ्लोराइड मोजणीच्या दृष्टीने उत्तम आहे, कारण बाहेरच्या हवेत तो जवळजवळ नसतो आणि अब्जांशाच्या पातळीवरही ओळखता येतो; अनेक वर्षे तोच प्रमाण मानला जात होता. पण शंभर वर्षांच्या हिशेबात त्याची तापमानवाढीची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २३,५०० पट आहे. एका खोलीचा आकडा मिळवण्यासाठी तो हवेत सोडणे आता समर्थनीय वाटत नाही, आणि काही देशांत त्याच्या वापरावर निर्बंधही आहेत. नायट्रस ऑक्साइड हा वैद्यकीय भूल देण्याचा वायू आहे आणि तोही हरितगृह वायूच आहे. माणसे असलेल्या जागेत नवशिक्याने त्याच्या वाटेला जाऊ नये. धूर ट्रेसर म्हणून चालत नाही, कारण त्याचे कण खाली बसतात आणि पृष्ठभागांना चिकटतात. हवा कुठून कुठे जाते हे पाहण्यापुरता मात्र तो फार उपयोगी आहे.

सुरुवातीला कार्बन डायऑक्साइडच घ्यावा. त्याचे सेन्सर सहज मिळतात आणि वायूही मिळतो. बाहेरच्या हवेत तो सुमारे ४२५ पीपीएम असतो आणि माणसे तो सतत सोडत असतात, या त्याच्या दोन उणिवा आहेत; त्या सांभाळता येतात.

पायरी ३ : सेन्सरची तयारी

अवरक्त किरणांच्या शोषणावरून मोजणारा, म्हणजे एनडीआयआर प्रकारचा, सेन्सर घ्यावा. काही स्वस्त उपकरणे प्रत्यक्षात दुसरेच वायू मोजून कार्बन डायऑक्साइडचा आकडा अंदाजाने दाखवतात. ती या कामाला निरुपयोगी आहेत. उपकरणाने किमान दर मिनिटाला नोंद साठवावी. गेल्या काही दिवसांतील सर्वांत कमी वाचन म्हणजे बाहेरची हवा, असे धरून स्वतःला जुळवून घेण्याची सोय अनेक सेन्सरमध्ये असते. मोजणीच्या काळात ती बंद करावी, कारण कधीच रिकाम्या न होणाऱ्या खोलीत हे गृहीतक खोटे ठरते.

एका खोलीसाठी किमान तीन सेन्सर असावेत. मोजणीपूर्वी ते सगळे एकाच ठिकाणी, बाहेरच्या हवेत, अर्धा तास शेजारी शेजारी ठेवावेत आणि त्यांच्या वाचनांतील फरक लिहून ठेवावा. हेच वाचन पुढे पार्श्वभूमीचे प्रमाण म्हणून कामी येते.

पुढे आपण वापरणार आहोत ती घट पद्धत, म्हणजे एकदा वायू सोडून त्याचे प्रमाण कसे घटत जाते हे नोंदवणे. तिचा एक मोठा फायदा येथे लक्षात घेण्यासारखा आहे. या पद्धतीत सुरुवातीच्या आणि नंतरच्या प्रमाणांचे गुणोत्तर घेतले जाते. त्यामुळे सेन्सर सगळीकडे दहा टक्के जास्त दाखवत असेल तरी ती चूक गुणोत्तरात नाहीशी होते. आणि तो नेहमीच ठरावीक ४० पीपीएमने चुकत असेल, तर त्याच सेन्सरने मोजलेली पार्श्वभूमी वजा करताना तीही चूक निघून जाते. उंच ठिकाणी हवेचा दाब कमी असल्याने असे सेन्सर कमी आकडा दाखवतात, पण तो दोषही बहुतांशी गुणोत्तरातच मिटतो. सेन्सरचे वाचन प्रमाणाशी सरळ रेषेत बदलावे, एवढीच अट राहते. महागडे उपकरण नसलेल्या माणसाला ही पद्धत परवडते ती यामुळेच.

पायरी ४ : किती वायू लागेल

समजा खोली ५ मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि ३ मीटर उंच आहे. म्हणजे ६० घनमीटर. कपाटांनी बरीच जागा अडवली असेल तर ती वजा करावी. पार्श्वभूमीच्या वर १५०० पीपीएम एवढी वाढ हवी असेल, तर ६० ला ०.००१५ ने गुणून ०.०९ घनमीटर, म्हणजे ९० लिटर वायू लागतो. साधारण खोलीच्या तापमानाला त्याचे वजन सुमारे १६५ ग्रॅम भरते. सोडत असतानाच काही वायू निसटतो, म्हणून थोडा जास्त धरावा.

हा वायू सिलिंडरमधून रेग्युलेटर लावून सोडता येतो किंवा तेवढ्या वजनाचा ड्राय आइस, म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड, वापरता येतो. ड्राय आइस उणे ७८.५ अंश सेल्सिअसला थेट वायुरूप होतो, म्हणून उघड्या हाताने त्याला स्पर्श करू नये, तो बंद बाटलीत कधीच भरू नये आणि काचा लावलेल्या गाडीतून नेऊ नये. कामाच्या जागी आठ तासांसाठी मान्य असलेली सर्वसाधारण मर्यादा ५००० पीपीएम आहे. मोजणी २००० ते २५०० पीपीएमपासून सुरू केली तर या मर्यादेच्या बरेच खाली राहता येते आणि आकडेही स्पष्ट मिळतात. सिलिंडर उघडणाऱ्याच्या हातात चालू सेन्सर असलाच पाहिजे आणि दाराबाहेर दुसरी व्यक्ती हजर असावी. इमारतीतील अग्निशामक सिलिंडर या कामासाठी रिकामा करण्याचा मोह होतो. तो टाळावा.

पायरी ५ : सोडणे आणि मिसळणे

कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा दीडपट जड आहे. एकदा काही हजार पीपीएमपर्यंत विरळ झाला की तो पुन्हा वेगळा होऊन तळाशी बसत नाही. पण नळीच्या तोंडाशी शुद्ध आणि थंड असताना तो जमिनीवरून वाहत जातो आणि दाराखालच्या फटीतून सरळ बाहेर पडू शकतो. म्हणून तो चालत्या पंख्यासमोर, माणसाच्या छातीच्या उंचीवर, खोलीत फिरत फिरत हळूहळू सोडावा. ड्राय आइस असेल तर कोमट पाण्याच्या पसरट भांड्यात टाकून ते भांडे पंख्यासमोर ठेवावे.

सोडताना दारे-खिडक्या बंद ठेवून एक-दोन साधे पंखे कोपऱ्यांच्या दिशेने चालवावेत. पंख्यांचा झोत खिडकीवर किंवा हवा खेचणाऱ्या जाळीवर येऊ देऊ नये, नाहीतर पंखाच वायुवीजन वाढवेल आणि आपण खोलीऐवजी पंखा मोजत बसू. तिन्ही सेन्सर वेगवेगळ्या उंचीवर आणि वेगवेगळ्या कोपऱ्यांत असावेत, पण भिंतीला चिकटून किंवा खिडकीच्या तोंडाशी नसावेत. एएसटीएम या अमेरिकी मानक संस्थेच्या ई ७४१ या मानकात मिसळणे पुरेसे झाल्याची कसोटी दिलेली आहे : कोणत्याही ठिकाणचे प्रमाण खोलीच्या सरासरीपासून १० टक्क्यांहून अधिक दूर नसावे. तीन सेन्सर २०३०, १९८० आणि २०७० दाखवत असतील तर पुढे जावे. एक सेन्सर १४०० दाखवत असेल तर मोजणी सुरू करू नये. त्या कोपऱ्यात हवा पोहोचत नाही, आणि हीसुद्धा नोंदवण्यासारखी माहिती आहे.

पायरी ६ : घट नोंदवणे

आता खोली ज्या अवस्थेत मोजायची आहे त्या अवस्थेत आणावी. खिडकी उघडी असताना मोजायचे असेल तर ती उघडावी, आणि सर्वांनी खोलीबाहेर जावे. हा शेवटचा भाग औपचारिकता नाही. बसून काम करणारा प्रौढ माणूस तासाला सुमारे १८ लिटर कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतो. ६० घनमीटरच्या बंद खोलीत त्याने तासाला ३०० पीपीएम वाढ होते. पुढे दिलेल्या उदाहरणात मोजणारा खोलीतच थांबला असता, तर खरा दर १.८५ असताना हिशेब सुमारे १.५ च आला असता.

मोजणी किती वेळ चालवायची, हे दरावरच अवलंबून असते. खोलीची हवा एकदा बदलायला जेवढा वेळ लागतो, निदान तेवढा वेळ तरी नोंद चालू ठेवावी : तासाला दोनदा हवा बदलत असेल तर अर्धा तास, तासाला अर्ध्यांदा बदलत असेल तर दोन तास. दर फार मोठा असेल तर अडचण उलटी होते. तासाला १२ वेळा हवा बदलणाऱ्या खोलीत प्रमाण पाच मिनिटांत जवळपास तिसऱ्या हिश्शावर येते, आणि सेन्सरला प्रतिसाद द्यायलाच दोन-तीन मिनिटे लागत असतील, तर मोजणीचा सुरुवातीचा भाग सेन्सरच्या संथपणाचा असतो. तो वगळावा लागतो.

वाऱ्याचा वेग आणि आतले-बाहेरचे तापमान मोजणीच्या सुरुवातीला व शेवटी लिहावे. नैसर्गिक वायुवीजन या दोन गोष्टींवरच चालते, त्यामुळे त्यांची नोंद नसलेला आकडा दुसऱ्या दिवशीच्या आकड्याशी ताडून पाहता येत नाही.

पायरी ७ : हिशेब

पार्श्वभूमी ४३० पीपीएम आहे असे समजू. सुरुवातीचे वाचन २०३०, पंधरा मिनिटांनी १४४५, अर्ध्या तासाने १०६० आणि पाऊण तासाने ८३०. प्रत्येकातून ४३० वजा केल्यावर १६००, १०१५, ६३० आणि ४०० उरतात. पाऊण तासात वाढीव प्रमाण चौथ्या हिश्शावर आले. चारचा नैसर्गिक लॉग १.३९, त्याला ०.७५ तासाने भागले की हवाबदलाचा दर तासाला १.८५ मिळतो. खोली ६० घनमीटरची असल्याने तासाला १११ घनमीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे ३१ लिटर बाहेरची हवा येत आहे. माणशी १० लिटरच्या हिशेबाने ती तीन माणसांना पुरते.

नवशिक्यांच्या हातून सर्वांत जास्त वेळा होणारी चूक म्हणजे पार्श्वभूमी वजा न करणे. तसे केले तर २०३० भागिले ८३० याचा लॉग ०.८९ येतो आणि दर १.१९ निघतो, एका वजाबाकीअभावी वायुवीजन एक तृतीयांशाहून अधिक कमी दिसते.

पहिले आणि शेवटचे अशी दोनच वाचने घेऊन थांबू नये. सगळ्या नोंदी स्प्रेडशीटमध्ये घालून वाढीव प्रमाणाच्या लॉगचा वेळेनुसार आलेख काढावा. मिसळणे चांगले असेल आणि परिस्थिती स्थिर असेल तर सरळ रेषा येते व तिचा उतार हाच दर असतो. रेषा वाकली तर त्या वाकण्यावरून बरेच काही कळते. सुरुवातीची पाच-दहा मिनिटे वेडीवाकडी असतील तर मिसळणे अपुरे होते. तो भाग सोडून द्यावा. रेषा हळूहळू सपाट होत गेली तर तीन शक्यता तपासाव्यात : पार्श्वभूमी आपण धरली त्यापेक्षा जास्त आहे, खोलीत कोणीतरी श्वास घेत आहे, किंवा शेजारच्या खोलीत गेलेला वायू परत येत आहे. ही तिसरी शक्यता वारंवार आढळते, म्हणून एक सेन्सर दाराबाहेरच्या मार्गिकेत ठेवणे शहाणपणाचे ठरते. उलट, रेषा मध्येच खाली मोडली तर बहुधा वारा वाढला आहे किंवा कोणीतरी दार उघडले आहे. तेथे रेषेचे दोन तुकडे करून दोन वेगळे दर द्यावेत; दोन्हींना एकाच रेषेत कोंबू नये.

घट पद्धत पुरत नाही तेव्हा

माणसांनी भरलेल्या खोलीत वरची पद्धत चालत नाही. तेथे माणसांनाच वायूचा स्रोत मानता येते. तीन माणसे तासाला ५४ लिटर वायू सोडत असतील आणि प्रमाण पार्श्वभूमीच्या ६०० पीपीएम वर जाऊन स्थिरावले असेल, तर ०.०५४ घनमीटरला ०.०००६ ने भागून तासाला ९० घनमीटर हवा मिळते. यात आकारमान लागत नाही, पण सेन्सरचा आकडा मात्र खरा असावा लागतो, कारण येथे चूक मिटवणारे गुणोत्तर नसते. शिवाय स्थिर अवस्था यायला वेळ लागतो. तासाला अर्ध्यांदा हवा बदलणाऱ्या खोलीत अंतिम पातळीच्या ९५ टक्क्यांपर्यंत पोहोचायला सहा तास जातात, आणि तोवर माणसे उठून गेलेली असतात. चढत्या आलेखावरचे एखादे वाचन स्थिर समजून भागाकार केला तर वायुवीजन आहे त्यापेक्षा चांगले दिसते. माणसांचा स्रोत स्वतःही अंदाजाचाच असतो. मुले कमी सोडतात आणि व्यायाम करणारे कितीतरी जास्त. स्रोत अचूक हवा असेल तर सिलिंडरमधून प्रवाहमापकाने ठरावीक दराने, पण माणसे नसताना, वायू सोडावा.

हेच तत्त्व डक्टमधील, म्हणजे हवा वाहून नेणाऱ्या नळातील, प्रवाह मोजायलाही चालते. वरच्या बाजूला ठरावीक दराने वायू सोडायचा, बऱ्याच अंतरावर प्रमाणातली वाढ मोजायची आणि सोडलेल्या दराला त्या वाढीने भागायचे. डक्टला वळणे असल्यामुळे वेगमापक जेथे गोंधळतो तेथे ट्रेसरला उलट मदत होते, कारण वळणांमुळे वायू चांगला मिसळतो. मोजण्याच्या जागी डक्टच्या आडव्या छेदात चार-पाच बिंदूंवर वाचन घेऊन ते सारखे आहे याची खात्री मात्र करावी.

आठवडे-महिने चालणाऱ्या मोजणीसाठी परफ्लोरोकार्बन हा ट्रेसर हळूहळू सोडणाऱ्या लहान कुप्या आणि तो टिपून घेणाऱ्या शोषक नळ्या वापरतात. ही पद्धत अमेरिकेच्या ब्रुकहेवन राष्ट्रीय प्रयोगशाळेत विकसित झाली. तिचे विश्लेषण प्रयोगशाळेतच करावे लागते. तिच्यातून आलेला सरासरी दर खऱ्या सरासरीपेक्षा कमी असतो, हे आकडा वाचताना ध्यानात ठेवावे, कारण खिडक्या बंद असलेल्या तासांतील मोठे प्रमाण सरासरीवर अधिक भार टाकते.

काही जागांत हवा मुद्दाम मिसळू दिली जात नाही. खालून ताजी येते आणि वरून जुनी बाहेर पडते. तेथे खोलीचा एकच दर सांगण्यापेक्षा ठिकठिकाणच्या हवेचे सरासरी वय काढावे. सुरुवातीला संपूर्ण खोलीत वायू सारखा मिसळून पंखे बंद करावेत, आणि प्रत्येक बिंदूवरील घटीच्या वक्राखालचे क्षेत्रफळ त्या बिंदूवरील सुरुवातीच्या वाढीव प्रमाणाने भागावे. जो भागाकार येतो, तितका वेळ तेथील हवा सरासरीने खोलीत राहिलेली असते. एका कोपऱ्यात २० मिनिटे आणि दुसऱ्यात ५० मिनिटे असा फरक निघाला, तर कोणते टेबल हलवायचे किंवा कोणती जाळी उघडायची हे एका सरासरी दरापेक्षा त्यावरून जास्त स्पष्ट कळते.

पायरी ८ : नोंदपत्रक

आकड्यासोबत किमान इतके लिहावे : तारीख व वेळ, खोलीची मापे, प्रत्येक दार, खिडकी व पंख्याची स्थिती, सेन्सरच्या जागांचे रेखाचित्र, पार्श्वभूमी कोठे व केव्हा मोजली, वारा आणि तापमान, आलेखाचा कोणता भाग हिशेबात धरला आणि उरलेला का वगळला. त्याच दिवशी तीच मोजणी पुन्हा करावी. दोन निकालांत दहा-पंधरा टक्क्यांचा फरक असेल आणि वारा फारसा बदललेला नसेल, तर दोन्ही आकडे द्यावेत. फरक याहून बराच मोठा असेल, तर आधी पंख्यांच्या जागा बदलून मिसळणे तपासावे आणि मगच तिसरी मोजणी करावी.